ॲडजस्ट या शब्दाने राज्य व्यापिले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. जिच्या कृपेने एका शब्दाला एक अर्थ राहतो त्या वाग्देवतेस आधी दंडवत, आणि ज्यांच्या कारकिर्दीत एकाच शब्दाला नाना अर्थ फुटले त्या स्वामींस मुजरा. राज्याचे नाव लिहीत नाही आणि लिहिणाराचेही पुसू नये. तो त्या समयी दफ्तरात चाकरीस होता इतके पुरे. शके अठराशे दोन, विक्रमनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीस दिवाण अंबादासपंत सव्वा वर्ष विलायतेत राहून स्वराज्यात परत आले. बरोबर अकरा पेट्या आल्या, आणि पेट्यांतून काचेचे दिवे, छत्र्या, बूट, चार तुकड्यांत आणिलेले बिलियर्ड खेळावयाचे मेज असा सरंजाम निघाला, आणि जे कोणत्याच पेटीत नव्हते ते दिवाणांच्या मुखात होते, तो ॲडजस्ट हा शब्द. दुसरे दिवशी दरबार भरला. थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे असे दोघे मानकरी महाराजांच्या उजव्या बैठकीसाठी तीन पिढ्या भांडत आले होते, ते त्याही दिवशी भांडू लागले. तेव्हा दिवाण हसून बोलिले, "मानकरी, थोडं ॲडजस्ट करा." मानकरी पुसते जाहले, "म्हणजे काय करायचं?" दिवाण म्हणाले, "तुम्ही जरा सरका, त्यांनीही जरा सरकावं." मग एका गादीवर दोघे अर्धे अर्धे बसले, दोघांचीही एक एक मांडी अधांतरी राहिली, आणि महाराज बहुत हसले आणि दिवाणांस शाल दिली. तीन पिढ्यांचा कज्जा एका शब्दाने मिटला अशी नगरीत वाहवा जाहली.

पूर्वी कोणाचे काही काढून घ्यावयाचे तर हुकूम लागे, शिक्का लागे, प्यादे पाठवावे लागत, आणि ज्याचे जाई तो निदान ओरडत असे. आता नुसता शब्द पुरे जाहला, आणि ज्याचे गेले तो ओरडला तर तोच आडमुठा ठरू लागला. सहा जणांच्या गाडीत अकरा बसविले आणि गाडीवान म्हणाला ॲडजस्ट करा. शिंप्याने अंगरखा काखेत आवळ शिवला आणि म्हणाला ॲडजस्ट होईल. राजवाड्याच्या दवाखान्यात पोटदुखीचे औषध सरले तेव्हा वैद्यबुवांनी खोकल्याचे दिले आणि तेच म्हणाले. मुदपाकखान्यात वरण पातळ झाले, भटजींनी मुहूर्त दोन घटका मागे ओढला, पखालवाल्याने एका आळीचे पाणी दुसरीस घातले, आणि प्रत्येकाच्या तोंडी हाच शब्द. सासरी दोन वेळा पोटभर न मिळालेली एक लेक माहेरी रडत आली, तिला तिच्या आईने पदराने डोळे पुसून हाच शब्द सांगितला आणि परत पाठविली. सरकणे, सोसणे, गिळणे, गप्प राहणे, थोडक्यात भागविणे, दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणे, इतके सारे अर्थ त्या एका शब्दात मावले. मात्र त्याची एक खोड होती. तो वरून खाली तेवढा चाले. पागेत राणू म्हणून मोतद्दार होता. दिवाणांची बग्घी पागेच्या दारात आडवी उभी राहिली आणि घोडे पाण्यावर न्यावयास वाट उरली नाही, तेव्हा राणू हात जोडून म्हणाला, "सरकार, गाडी हातभर ॲडजस्ट करा." त्याला दोन दिवस चौकीत बसविले. ज्या शब्दाने अवघे राज्य हलत होते तो गरिबाने उच्चारला तर बेअदबी होते हे त्या दिवशी लोकांस कळले, आणि कळूनही कोणी काही बोलले नाही. हाच मोठा संतापाचा विषय आहे आणि यासाठीच ही हकीकत.

त्या नगरीत कैलासवासी राणीसाहेबांनी मुलींची शाळा घातली होती. राजवाड्याच्या पूर्वेच्या अंगास दोन खोल्या, एकतीस मुली, आणि शिकवावयास द्वारकाबाई पोतनीस. बाई चौदाव्या वर्षी विधवा झाल्या, दिराच्या घरी दहा वर्षे भांडी घासली, मग राणीसाहेबांनी त्यांस मोठ्या शहरी पाठवून शिकविले आणि आणून या शाळेवर बसविले. वय चाळीस, देह कृश, आवाज असा की तिसऱ्या ओळीतली मुलगी पेंगत असेल तर जागी व्हावी. दिवाणांचे बिलियर्डचे मेज त्यांच्या दिवाणखान्यात मावेना, तेव्हा दिवाण स्वतः शाळेत आले, मुलींस बत्तासे वाटले आणि म्हणाले, "बाई, एक खोली लागेल. आपण ॲडजस्ट कराल याची खात्री आहे." बाईंनी एकतीस मुली एका खोलीत बसविल्या. मग खेळणाऱ्या मंडळीस बसावयास जागा पाहिजे म्हणून दुसरीही गेली आणि शाळा ओसरीवर आली. मग ओसरीवरून मंडळींचे येणे-जाणे म्हणून शाळा पागेच्या पाठीमागच्या पडवीत गेली, तिथे गवताच्या पेंढ्या आणि माश्या, आणि घोडा खिंकाळला की पाढे थांबत. दर वेळी बाई मान हलवून बरे म्हणत. जन्मभर त्यांनी हेच केले होते, फक्त त्याला इंग्रजी नाव आता मिळाले होते. किंबहुना आपण इतके सोसतो याचा त्यांस आत कुठे तरी अभिमानही होता. पडवीत जागा पुरेना तेव्हा त्याच मुलींस म्हणू लागल्या, "सरका गं, ॲडजस्ट करा." रोज म्हणत, दिवसातून दहादा म्हणत, आणि आपण काय म्हणतो याकडे त्यांचे ध्यान नव्हते.

शाळेत मथुरा म्हणून बारा वर्षांची मुलगी होती. आई नाही, बाप विसाजी कारखानीस हा हुजूर दफ्तरात लेखनाचे काम करी, अक्षर मोत्यांसारखे आणि स्वभाव असा गरीब की त्याची सावली कोणी ओलांडली तर हाच माफी मागेल. मथुरा इंग्रजी दुसरे पुस्तक घडाघडा वाची, धाकट्या मुलींस हिशोब शिकवी, आणि तिला मोठ्या शहरी शिक्षिकेच्या शाळेत पाठवावे म्हणून बाईंनी महाराजांकडून पत्रही मिळविले होते. कार्तिक मासी एके सकाळी विसाजी पडवीत आला आणि खांबाशी उभा राहिला. बाईंनी बसावयास सांगितले तरी बसेना. म्हणाला, "बाई, मथूला पाठवणं होत नाही. तिचं लग्न ठरलं." बाईंनी विचारले, "कोणाशी?" तो म्हणाला, "नागोपंत. दिवाणसाहेबांचे मेहुणे." नागोपंतांस अठ्ठेचाळिसावे चालू होते, दोन बायका वारल्या होत्या आणि मोठा मुलगा मथुरेहून सात वर्षांनी वडील होता, हे नगरीत कोणास ठाऊक नव्हते असे नाही. बाई म्हणाल्या, "विसाजीपंत, तुम्ही हो म्हणालात?" तो खाली पाहून म्हणाला, "दिवाणसाहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, मेहुण्यांच्या घरी बाईमाणूस नाही, अडचण होते. मुलगी लहान आहे, ॲडजस्ट होईल. मी काय बोलणार? मी म्हटलं, ॲडजस्ट करतो." बाई म्हणाल्या, "आणि मथूला विचारलंत?" विसाजी म्हणाला, "विचारलं नाही. सांगितलं." इतके बोलून तो गेला, आणि जाताना पागेतल्या पेंढ्यांना पाय अडखळून दोनदा पडता पडता राहिला.

मग मथुरा आली आणि पाटी घेऊन आपल्या जागी बसली. डोळे सुजले होते, पण रडली नाही. बाईंनी तिला जवळ बोलावून पाठीवर हात ठेविला आणि म्हणाल्या, "मथू, बघू काही करता येतं का. तोवर धीर धर." मुलीने मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, जसा एखादा न समजलेला धडा विचारावा तसे, विचारले, "बाई, तुम्ही रोज आम्हांला ॲडजस्ट करा म्हणता. मी जागा दिली, खिडकी दिली, माझी चटई पण दिली. हे किती दिवस करायचं असतं?" बाईंचा हात मुलीच्या पाठीवरून खाली आला. दिवाणांचा राग तर होताच, परंतु त्याहून मोठा राग स्वतःचा आला. दोन खोल्या गेल्या तेव्हा मान हलविली ती आपण, आणि या मुलींच्या अंगी मान हलविण्याची सवय मुरविली तीही आपणच. आज दिवाणांनी जे मागितले ते देण्याची तालीम या पडवीतच झाली. त्यांनी त्या दिवशी मुलींस लवकर सोडिले आणि पदर खोचून नगारखान्याकडे चालू लागल्या.

नगारखान्यावर मोठे घड्याळ होते आणि त्याची राखण हुसेनमिया घड्याळजी करीत. मुंबईस एका इंग्रज घड्याळवाल्याच्या हाताखाली दहा वर्षे काढलेला म्हातारा माणूस, तेलाचे बोट अंगरख्याला पुशी आणि मग शरमे. बाईंनी विचारले, "मिया, तुम्ही इंग्रजांत राहिलात. ॲडजस्ट म्हणजे त्यांच्यात काय?" हुसेनमिया म्हणाले, "बाई, घड्याळ पाच मिनिटं मागं पडलं तर आतला खिळा फिरवून त्याची चाल नीट करायची, याला आमच्या कामात ॲडजस्ट म्हणतात. ज्यात चूक आहे त्यालाच हात लावायचा." बाई म्हणाल्या, "आणि ज्यात चूक नाही त्याला?" म्हातारा हसला. म्हणाला, "त्याला कशाला लावायचा? माझा साहेब मोठा तापट होता, पण दहा वर्षांत त्यानं सूर्याला थोडं थांब म्हटलेलं मी ऐकलं नाही." बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मग आमच्या शाळेत काय चूक होती?" हुसेनमियांनी इकडे तिकडे पाहिले आणि हळू बोलिले, "शाळेत नव्हती, बाई. मेज मोठं होतं आणि दिवाणसाहेबांची खोली लहान. नीट करायचं तर ते करायचं होतं."

शके अठराशे चार, चित्रभानुनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध एकादशीस महाराज सदरेवर गाऱ्हाणी ऐकण्यास बसले. दिवाण उजवीकडे, मानकरी आपापल्या अर्ध्या बैठकींवर, आणि खाली लेखनास विसाजी आणि त्याच्या शेजारी लिहिणार. बायांनी डावीकडे कनातीमागे उभे राहावे अशी चाल होती. द्वारकाबाई कनातीपुढे येऊन उभ्या राहिल्या. चोपदार म्हणाला, "बाई, जरा मागं. ॲडजस्ट करा." बाई हलल्या नाहीत. चोपदाराने पुन्हा म्हटले, तरी हलल्या नाहीत, आणि तिसऱ्यांदा काय म्हणावे हे त्याला ठाऊक नव्हते, कारण आजवर तिसऱ्यांदा म्हणण्याची वेळ आली नव्हती. महाराज म्हणाले, "द्वारकाबाई, बोला." बाई म्हणाल्या, "महाराज, राणीसाहेबांनी मला दोन खोल्या आणि मुली दिल्या. खोल्या गेल्या, मी बोलले नाही, ती माझी चूक. आता मुलगी चालली आहे. बारा वर्षांची मुलगी अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांस द्यायची, का तर ती ॲडजस्ट होईल. पावणेदोन वर्षं हा शब्द ऐकते आहे. मला दिवाणसाहेबांना एकच विचारायचं आहे. या पावणेदोन वर्षांत आपण स्वतः काय ॲडजस्ट केलंत? एक वस्तू सांगा." दिवाण हसले, मग विचारात पडले, मग म्हणाले, "विलायतेत थंडी फार होती. ती सोसली." कोणी हसले नाही. बाई म्हणाल्या, "ती त्याआधीची गोष्ट झाली." दिवाणांचा चेहरा उतरला, पण वाणी गोड राहिली. म्हणाले, "बाई, आपण थकल्या आहात. मोठमोठी राज्यं या एका शब्दावर चालतात. प्रत्येकानं आपलाच हट्ट धरला तर चार माणसं एका छपराखाली राहतील कशी?" बाई म्हणाल्या, "चारही सरकली तर राहतील. इथे तीन बसतात आणि एकाला सरकायला सांगतात, आणि तो एक दर वेळी तोच असतो. राणूनं गाडी हातभर सरकवा म्हटलं तर त्याला चौकीत घातलं. मग हा शब्द आहे की चाबूक, हे मला समजावून द्या." सदरेवर बसलेल्या पुष्कळांनी माना खाली घातल्या, कारण प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी सरकलेले होते.

महाराज स्वभावे भले, परंतु निकाल देणे त्यांच्या जिवावर येई. त्यांनी अंगठी फिरविली, दिवाणांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि बोलिले, "बाई म्हणतात त्यात तथ्य आहे. दिवाणांचंही अगदी खोटं नाही. दोघं मिळून थोडं थोडं ॲडजस्ट करा, म्हणजे झालं." ज्याच्यापाशी न्याय मागावयाचा त्याच्याही तोंडी अखेर तोच शब्द निघाला. बाई रडल्या नाहीत की मोठ्याने बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "महाराज, अर्धी खोली होते. अर्धी गादी होते. अर्धं लग्न होत नाही. मी ॲडजस्ट करत नाही." आणि सदरेच्या फरशीवर, जिथे उभ्या होत्या तिथेच, मांडी घालून बसल्या. दिवाण आता उतावीळ जाहले. खाली पाहून म्हणाले, "विसाजी, लिही. प्रकरण उभयपक्षी ॲडजस्ट." विसाजीने लेखणी दौतीत बुडविली, कागदावर नेली आणि तिथेच धरून ठेविली. टोकाची शाई कागदावर पडून पसरली. मग त्याने लेखणी खाली ठेविली आणि उभा राहिला. एक हात भिंतीला होता. म्हणाला, "मुलगी देत नाही." दिवाण म्हणाले, "काय म्हणालास?" विसाजी म्हणाला, "साहेब, मुलगी देत नाही. आधी हो म्हटलं ते भीतीनं म्हटलं. भीती अजून आहे, पण देत नाही." इतकेच. या राज्यात पावणेदोन वर्षांत कोणी दिवाणांस नाही म्हटले ते प्रथम. महाराज बराच वेळ अंगठी फिरवीत बसले आणि अखेर म्हणाले, "बापच देत नाही म्हणतो, तर विषय संपला." आणि उठून आत गेले.

दुसरे दिवशी सूर्योदयानंतर चार घटकांनी द्वारकाबाईंनी एकतीस मुली ओळीने पूर्वेच्या अंगाच्या, मेज मांडलेल्या खोलीत नेल्या. कुलूप नव्हते, कारण कोणी येईल असे कोणाच्या स्वप्नी नव्हते. धाकट्या मुली मेजाखाली बसल्या, मोठ्या भोवती उभ्या राहिल्या आणि हिरव्या बनातीवर पाट्या मांडून पाढे सुरू केले. तिसऱ्या प्रहरी दिवाण दोघा पाहुण्यांसह खेळावयास आले, हाती लांब काठी. दारात थबकले आणि म्हणाले, "बाई, हे काय?" बाईंनी सत्ताविसाचा पाढा पुरा होऊ दिला. मग म्हणाल्या, "शाळा भरली आहे. सुटल्यावर या." दिवाणांनी पाहुण्यांकडे पाहिले, पाहुण्यांनी छताकडे पाहिले, आणि मंडळी माघारी फिरली. ते मेज पुढे तिथून कोणी हलविले नाही, आणि शाळाही.

तात्पर्य थोडक्यात ऐसे. मथुराबाई पौष मासी मोठ्या शहरी गेली, चार वर्षे शिकली आणि दुसऱ्या एका राज्यात शाळेवर मुख्य झाली. नागोपंतांनी अन्यत्र लग्न केले. ती मुलगी कोण, तिचे काय झाले, हे कोणी विचारिले नाही, आणि लिहिणारानेही नाही. विसाजीची बदली सरहद्दीवरच्या ठाण्यात झाली, तिथे हिवतापाने तिसऱ्या वर्षी वारला. दिवाण पूर्ण मानाने निवृत्त झाले. शब्द नगरीत आजही चालतो. आणि दफ्तरात कोणी त्या एकादशीचा कागद काढून पाहील तर शाईच्या डागाशेजारी, विसाजीच्या अक्षरात नव्हे, दुसऱ्याच अक्षरात, प्रकरण उभयपक्षी ॲडजस्ट असे लिहिलेले सापडेल. विसाजी उभा राहिला तेव्हा दिवाणांनी शेजाऱ्यास लिही म्हटले आणि शेजाऱ्याने लिहिले. तो शेजारी म्हणजे हाच लिहिणार. तो कागद खोटा आहे, त्या दिवशी काही ॲडजस्ट झाले नाही. एका बाईने आणि एका कारकुनाने नाही म्हटले, इतकेच झाले. वाचणाराने हे खरे मानावे आणि ते रद्द समजावे. इति.